नील प्रकाशाचे कोशिकांवरील परिणाम

दृश्य वर्णपटातील सु. ४०० ते ५०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश भाग) तरंगलांबीच्या पट्ट्यास स्थूलमानाने नील प्रकाश म्हणतात. काटेकोरपणे पाहता या पट्ट्याच्या कमी तरंगलांबीच्या टोकास जांभळा व उरलेल्या भागात निळा रंग दिसतो. तथापि जीवविज्ञानात दोहोंचा विचार एकत्रच केला जातो, कारण कोशिकांतील (पेशींतील) पुष्कळशी रंगद्रव्ये हा सर्वच पट्टा कमीअधिक प्रमाणात शोषून घेतात. या प्रकाशामुळे वनस्पतींचे कोंब वाकतात, काही सूक्ष्मजंतू मरतात, जंबुपार प्रारणाने बिघडलेला आनुवंशिक द्रव्याचा रेणू दुरुस्त होतो, नवजात बालकाच्या मेंदूचे रक्षण होते आणि डोळ्यातील जालपटलास (प्रकाशसंवेदी पडद्यास) इजाही होऊ शकते. एकाच प्रकाशाचे असे परस्परविरोधी परिणाम का व्हावेत, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला.

त्या उत्तराचे बीज मात्र फार आधी हाती आले होते. टेओडोर फोन ग्रोटहुस यांनी १८१७ मध्ये आणि पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४० नंतरच्या काही वर्षांत स्वतंत्रपणे असे प्रतिपादन केले की, पदार्थाने जो प्रकाश शोषला जातो तोच त्याच्यात रासायनिक बदल घडवून आणू शकतो. आरपार गेलेला वा परावर्तित झालेला प्रकाश निष्क्रिय राहतो. नील प्रकाशाच्या बाबतीत हा नियम विशेष महत्त्वाचा आहे. ४५० नॅमी. तरंगलांबीच्या प्रकाशाच्या एका फोटॉनची (ऊर्जापुंजाची) ऊर्जा सु. २·७५ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, ६५० नॅमी.च्या तांबड्या प्रकाशाच्या बाबतीत ती सु. १·९ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. म्हणजे नील प्रकाश रंगद्रव्यांच्या रेणूंतील इलेक्ट्रॉन उत्तेजित करण्यास पुरेसा समर्थ असतो; पण डीएनए हा आनुवंशिक द्रव्याचा रेणू मुख्यत्वे २६० नॅमी.च्या आसपासचे जंबुपार प्रारण शोषतो, नील प्रकाश जवळजवळ शोषत नाही. यामुळे नील प्रकाशाचा कोशिकेवरील परिणाम हा कोशिकेत तो शोषणारे कोणते द्रव्य आहे यावर अवलंबून राहतो. या परिणामांचा इतिहास म्हणजे मुख्यतः अशा शोषक द्रव्यांच्या शोधाचा इतिहास होय.

वनस्पतींवरील प्रारंभीचे प्रयोग : जर्मन वनस्पतिवैज्ञानिक यूलिउस फोन झाक्स (१८३२–९७) यांनी १८६४ मध्ये रंगीत द्रावणांमधून प्रकाश गाळून वनस्पतींवर प्रयोग केले. पोटॅशियम डायक्रोमेटाचे नारिंगी द्रावण तांबडा व पिवळा प्रकाश पुढे जाऊ देते, तर अमोनियायुक्त ताम्र संयुगाचे द्रावण निळा व जांभळा प्रकाश जाऊ देते. नारिंगी प्रकाशात वनस्पतींची प्रकाशसंश्लेषणाची क्रिया जोमाने चाले, पण कोंब प्रकाशाकडे वळत नसत. निळ्या प्रकाशात उलट ते त्वरित वळत. वनस्पतीचे पोषण आणि तिचे वळणे या प्रकाशावर अवलंबून असलेल्या दोन भिन्न क्रिया आहेत व त्यांना भिन्न प्रकाश लागतो, हे यावरून प्रथमच स्पष्ट झाले. तथापि पोषणाच्या कामी नील प्रकाश निरुपयोगी आहे असे नव्हे. टेओडोर व्हिल्हेल्म एंगेलमान (१८४३–१९०९) यांनी १८८० नंतरच्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली शैवलाच्या तंतूवर वर्णपट पाडला आणि ऑक्सिजनाकडे धाव घेणारे सूक्ष्मजंतू तांबड्या व निळ्या अशा दोन भागांत दाटी करतात, असे दाखविले. ऑक्सिजन ज्या ठिकाणी अधिक, त्या ठिकाणी प्रकाशसंश्लेषण अधिक, हा त्याचा अर्थ होय [⟶ प्रकाशसंश्लेषण].

चार्ल्स डार्विन (१८०९–८२) व त्यांचे पुत्र फ्रान्सिस (१८४८–१९२५) यांनी वनस्पतींच्या हालचालींवरील आपल्या १८८० मधील ग्रंथात आणखी एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले. कॅनरी गवताच्या कोवळ्या कोंबाचे केवळ टोक झाकले, तर खालचा भाग उघडा असूनही कोंब प्रकाशाकडे वाकत नाही. म्हणजे प्रकाशाची जाणीव टोकाला होते आणि वाकण्याची क्रिया खाली होते; दोहोंमध्ये कोणता तरी संदेश वहात असला पाहिजे. या अनुमानातून पुढे ऑक्सिन या वनस्पती हॉर्मोनाचा शोध लागला. पण टोकातील कोणते द्रव्य प्रकाश ‘पाहते’, हा प्रश्न त्यानंतर शतकभर अनुत्तरित राहिला.

निळ्या काचेचे वेड : याच सुमारास अमेरिकेत नील प्रकाशाविषयी एक लोकभ्रम पसरला. फिलाडेल्फिया येथील ऑगस्टस प्लेझंटन या सेनाधिकाऱ्याने द्राक्षांच्या काचगृहात ठराविक अंतरावर निळी तावदाने बसविली. वेल जोमाने वाढले, तेव्हा त्याने डुकरे व गुरे यांवरही असे प्रयोग केले आणि निळ्या काचेतून आलेले ऊन माणसाच्या अनेक व्याधींवर गुणकारी असल्याचा दावा केला. १८७६ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे पुस्तक निळ्या कागदावर निळ्या शाईत छापलेले होते. पुढील वर्षभरात निळ्या काचेला प्रचंड मागणी आली. सायंटिफिक अमेरिकन या नियतकालिकाने १८७७ मध्ये या दाव्यांचे खंडन केले. निळी काच उन्हात काहीच भर घालीत नाही, ती उन्हातील इतर रंग केवळ अडविते. तेव्हा साध्या काचेतून वा उघड्यावर मिळणाऱ्या उन्हात तेवढाच निळा प्रकाश आधीपासून असतो, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. हे वेड लवकरच ओसरले. पण ‘निळा प्रकाश’ ही एकजिनसी चीज मानून तिला सरसकट गुण वा दोष चिकटविण्याची प्रवृत्ती मात्र नंतरही वेळोवेळी डोके वर काढीत राहिली.

जंतुनाशन व प्रकाशोपचार : प्लेझंटनचा भ्रम जोरात असतानाच इंग्‍लंडमध्ये आर्थर डाउन्स व टॉमस ब्लंट यांनी १८७७ मध्ये अत्यंत साधे पण निर्णायक प्रयोग केले. पोषक द्राव भरलेल्या काही परीक्षानळ्या त्यांनी उन्हात उघड्या ठेवल्या व काही शिशाच्या पत्र्याने झाकल्या. झाकलेल्या नळ्यांतील द्राव जंतूंच्या वाढीने गढूळ झाला. उघड्या नळ्यांतील स्वच्छ राहिला. वर्णपटाच्या निळ्या-जांभळ्या बाजूचे किरण याबाबत अधिक प्रभावी आहेत आणि या क्रियेत ऑक्सिजनाचा संबंध येतो, असेही त्यांना आढळले. ऑक्सिजनाविषयीच्या त्यांच्या निरीक्षणाचे मर्म त्या वेळी पुरतेपणी कळण्यासारखे नव्हते.

ते उकलण्याची सुरुवात म्यूनिक येथे झाली. हेर्मान फोन टापाइनर यांचे विद्यार्थी ऑस्कर राब हे ॲक्रिडीन या रंजकाचा पॅरामिशियम या एककोशिक प्राण्यावरील विषारी परिणाम तपासत होते. त्याच प्रमाणातील ॲक्रिडिनाने हे प्राणी कधी अल्पावधीत मरत, तर कधी दीर्घकाळ जगत. हा फरक खोलीतील उजेडाच्या कमीअधिकपणामुळे पडतो, असे राब यांच्या ध्यानात आले व १९०० मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. एकटा रंजक वा एकटा प्रकाश फारसा अपायकारक नव्हता. दोघे एकत्र आल्यावर मारक ठरत. या क्रियेस ऑक्सिजनाची आवश्यकता असते, असे टापाइनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखविले आणि १९०४ च्या सुमारास तिला ‘प्रकाशगतिक क्रिया’ या अर्थाचे नाव दिले. रंजकाचा रेणू प्रकाश शोषून उत्तेजित होतो व ती ऊर्जा ऑक्सिजनास देतो. असा उत्तेजित ऑक्सिजन वा त्यापासून बनलेली क्रियाशील संयुगे कोशिकेतील प्रथिने, पटले व न्यूक्लिइक अम्ले यांचे ऑक्सिडीभवन करतात, असे या क्रियेचे स्वरूप आता ज्ञात आहे. महत्त्वाची गोष्ट अशी की, असे ‘रंजक’ बाहेरूनच यावे लागतात असे नाही. पॉर्फिरिने व फ्लाविने ही अशीच द्रव्ये असून ती जिवंत कोशिकांत निसर्गतःच असतात.

डॅनिश वैद्य नील्स फिन्सेन (१८६०–१९०४) यांचे कार्य याच काळातील आहे. त्वचेच्या क्षयावर (ल्यूपस व्हल्गॅरिस) त्यांनी कार्बन प्रज्योत दिव्याचा (कार्बनच्या दोन कांड्यांमधील विद्युत् ठिणगीच्या दिव्याचा) एकत्रित केलेला प्रकाश वापरला. १८९६ मध्ये कोपनहेगन येथे त्यांनी प्रकाशोपचाराची संस्था स्थापन केली आणि १९०३ मध्ये त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. चेहरा विद्रूप करणाऱ्या या रोगाने समाजापासून दुरावलेल्या रुग्णांना या उपचाराने नवे आयुष्य लाभले. हा गुण जंबुपार प्रारणाचा असे दीर्घकाळ मानले जाई. तथापि फिन्सेन यांच्या जुन्या उपकरणांची २००५ मध्ये डॅनिश संशोधकांनी तपासणी केली, तेव्हा त्यांतील भिंगे सु. ३४० नॅमी.पेक्षा कमी तरंगलांबीचे प्रारण पुढे जाऊच देत नाहीत असे आढळले. क्षयजंतूंमध्ये कोप्रोपॉर्फिरीन हे द्रव्य असते व ते ४०० नॅमी.च्या आसपासचा प्रकाश शोषते. यावरून फिन्सेन यांच्या उपचारात जांभळ्या-निळ्या प्रकाशाने जंतूंच्याच अंगभूत रंगद्रव्यांमार्फत प्रकाशगतिक क्रिया घडवून आणली असावी, असे अनुमान काढण्यात आले. मुरुमांवर व काही प्रतिजैव-प्रतिरोधी जंतूंवर सु. ४०५ ते ४१५ नॅमी.चा प्रकाश वापरण्यामागेही हेच तत्त्व आहे.

प्रकाशाने होणारी दुरुस्ती : नील प्रकाश मारक ठरू शकतो हे असे प्रस्थापित होत असतानाच त्याची अगदी उलट बाजू योगायोगाने उघडकीस आली. अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत ॲल्बर्ट केल्नर हे स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियस या सूक्ष्मजीवाच्या बीजुकांवर जंबुपार प्रारण सोडून त्यांपैकी किती वाचतात हे मोजत होते. त्यांचे आकडे काही केल्या जुळत नव्हते. तापमानादी कारणे तपासून झाल्यावर ज्या नमुन्यांवर खिडकीतील उजेड पडला होता त्यांतील बीजुके फार मोठ्या संख्येने जगली आहेत, असे त्यांच्या ध्यानात आले व १९४९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी रेनातो डुल्बेको यांनी जंतुभक्षी व्हायरसांमध्ये हाच परिणाम पाहिला. या ‘प्रकाशपुनरुज्जीवना’स निळा, जांभळा व त्यालगतचा जंबुपार प्रकाश सर्वांत उपयुक्त ठरला.

हे कार्य कोशिकेतील एक एंझाइम (जीवरासायनिक विक्रियांत उत्प्रेरकाचे काम करणारे प्रथिन) करते, असे स्टॅन्ली रूपर्ट यांनी १९५८ च्या सुमारास कोशिकामुक्त अर्काच्या साहाय्याने दाखविले. फोटोलायेज हे ते एंझाइम होय. जंबुपार प्रारणामुळे डीएनएच्या साखळीतील लगतचे दोन थायमीन घटक एकमेकांस जोडले जातात व आनुवंशिक संकेत वाचणे अशक्य होते. फोटोलायेजामध्ये जीवनसत्त्व ब२ (रिबोफ्लाविन) यापासून बनणारा फ्लाविन घटक असतो. तो प्रकाश शोषून जोडलेल्या थायमिनांना क्षणभर एक इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे जोड तुटतो व डीएनए पूर्ववत होतो. रूपर्ट यांचे विद्यार्थी अझीझ सांजार यांनी या एंझाइमाचा व डीएनए दुरुस्तीच्या इतर यंत्रणांचा सखोल अभ्यास केला; त्यांना २०१५ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मानवासह अपरायुक्त (वार असलेल्या) सस्तन प्राण्यांत मात्र फोटोलायेज नसते. त्यांच्या कोशिका प्रकाशावाचून चालणारी अन्य दुरुस्ती यंत्रणा वापरतात. म्हणून उन्हाने होणारी डीएनएची हानी मानवाच्या बाबतीत उन्हातील निळा भाग भरून काढत नाही.

ग्राही द्रव्यांचा शोध : कोंबाच्या टोकात प्रकाश कोण शोषतो, याविषयी विसाव्या शतकाच्या मध्यास दोन पक्ष होते. वळण्याची क्रिया कोणत्या तरंगलांबीस किती होते याचा आलेख कॅरोटिनासारख्या पिवळ्या-नारिंगी द्रव्यांच्या शोषण वर्णपटाशी बराचसा जुळे. उलट आर्थर गॉल्स्टन यांनी १९४९ मध्ये रिबोफ्लाविन हे प्रकाशात ऑक्सिनाचे ऑक्सिडीभवन घडविते असे दाखवून फ्लाविनाचा पक्ष मांडला. ग्राही द्रव्य इतके अल्प प्रमाणात असे की, ते वेगळे काढण्याचे सर्व प्रयत्न निष्फळ झाले. जोनाथन ग्रेसेल यांनी १९७९ मध्ये या न सापडणाऱ्या द्रव्यास काहीशा विनोदाने ‘क्रिप्टोक्रोम’ म्हणजे ‘गुप्त रंगद्रव्य’ असे नाव सुचविले. तोवरचा पुष्कळसा अभ्यास अपुष्प वनस्पतींवर झालेला होता व त्यांच्या इंग्रजी नावातही ‘क्रिप्टो’ हे पद येते, ही त्यातील कोटी होती.

कोडे सुटले ते रसायनशास्त्राने नव्हे, तर आनुवंशिकीने. मोहरीच्या कुलातील ॲराबिडॉप्सिस या लहानशा वनस्पतीचे असे काही उत्परिवर्ती प्रकार मार्टेन कोर्नीफ यांनी १९८० मध्ये नेदर्लंड्समध्ये वेगळे केले होते की, ज्यांची रोपे उजेडातही अंधारातल्याप्रमाणे लांबुडकी वाढत. त्यांपैकी केवळ निळ्या प्रकाशास ‘आंधळ्या’ असलेल्या एका प्रकारातील सदोष जनुक मार्गारेट अहमद व अँथनी कॅशमोर यांनी १९९३ मध्ये शोधून काढले. त्या जनुकापासून बनणारे प्रथिन फोटोलायेजाशी विलक्षण साम्य असलेले निघाले. ते फ्लाविन धारण करते, पण डीएनए दुरुस्त करीत नाही. निळ्या प्रकाशाची वर्दी कोशिकेस देते. क्रिप्टोक्रोम हे नाव मग त्यालाच देण्यात आले. उत्क्रांतीच्या ओघात एका दुरुस्तीच्या हत्यारापासून प्रकाशाची जाणीव करून घेणारे इंद्रिय घडले, असा याचा अर्थ लावला जातो. पुढे फळमाशीच्या दैनिक जैव घड्याळातही प्रकाशग्राही म्हणून क्रिप्टोक्रोम आढळले (१९९८). सस्तन प्राण्यांत या कुलातील प्रथिने त्या घड्याळाचाच एक भाग आहेत, मात्र तेथे त्यांचे कार्य प्रकाशावर अवलंबून नसते.

कोंब वळविणारा ग्राही याहून निराळा ठरला. विन्स्लो ब्रिग्झ (१९२८–२०१९) व त्यांचे सहकारी यांनी न वळणाऱ्या ॲराबिडॉप्सिसच्या रोपांतील दोष १९९७ मध्ये एका एंझाइमाच्या जनुकात असल्याचे दाखविले व १९९८ मध्ये ते प्रथिन फ्लाविन धारण करते हे सिद्ध केले. यास फोटोट्रोपीन म्हणतात. प्रकाश शोषल्यावर त्यातील फ्लाविन शेजारच्या सिस्टाइन या ॲमिनो अम्लाशी तात्पुरता बंध निर्माण करते, प्रथिनाचा आकार बदलतो व एंझाइम कार्यान्वित होते. अंधारात बंध आपोआप सुटतो. हरितकणूंचे कोशिकेतील स्थलांतर व पर्णरंध्रे उघडणे याही क्रिया फोटोट्रोपिनांमुळे घडतात. ग्राही फ्लाविनयुक्त असतो हा गॉल्स्टन यांचा तर्क अशा रीतीने सु. अर्धशतकानंतर खरा ठरला. ऑक्सिनाचा नाश होऊन कोंब वळतो ही त्यांची उपपत्ती मात्र टिकली नाही.

नवजात कावीळ : नील प्रकाशाचा सर्वांत मोठा वैद्यकीय उपयोग एका परिचारिकेच्या निरीक्षणातून निघाला. नवजात बालकाच्या रक्तातील तांबड्या कोशिका मोडून बिलिरुबीन हे पिवळे द्रव्य तयार होते. ते पाण्यात विरघळत नसल्याने यकृताने त्यात रासायनिक बदल केल्यावरच शरीराबाहेर जाते. अपुऱ्या दिवसांच्या मुलांचे यकृत हे काम पुरेसे करू शकत नाही. साठलेले बिलिरुबीन मेंदूतील तंत्रिका कोशिकांत शिरले, तर मूल दगावते किंवा बहिरेपणा व स्नायूंवरील ताबा नाहीसा होणे यांसारखी कायमची व्यंगे राहतात. १९५० नंतरच्या दशकात यावर मुलाचे जवळजवळ सर्व रक्त थोडे थोडे काढून त्याजागी दुसरे भरणे हाच एक खात्रीचा उपाय होता व तोही धोक्याचा होता.

इंग्‍लंडमधील एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या कक्षाची व्यवस्था जीन वॉर्ड या परिचारिकेकडे होती. मोकळी हवा व ऊन मुलांना मानवते, अशा समजुतीने त्या उबदार दिवसांत त्यांना अंगणात नेत आणि वरिष्ठ डॉक्टर येण्यापूर्वी आत आणीत. १९५६ च्या उन्हाळ्यात त्यांनी काहीशा संकोचाने डॉक्टरांना एक मूल उघडे करून दाखविले. त्याचे अंग फिकट झाले होते, पण त्यावर एक ठसठशीत त्रिकोणी गडद पिवळा डाग होता. त्या जागी रंगीत औषध लावले असावे असे डॉक्टरांना प्रथम वाटले. वास्तविक तेवढा भाग चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला राहिला होता. कावीळ तेथे तशीच होती व उघड्या अंगावरील उतरली होती. काही आठवड्यांनी दुसऱ्या एका काविळीच्या मुलाच्या रक्ताची नळी चुकून खिडकीत उन्हात राहिली आणि तीतील बिलिरुबीन अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी भरले. दोन्ही घटनांचा संबंध रिचर्ड क्रेमर यांनी ओळखला. पेरीमन व रिचर्ड्‌स या सहकाऱ्यांसह प्रयोग करून नील प्रकाश यास कारण असल्याचे त्यांनी दाखविले, पाळण्यावर निळ्या अनुस्फुरक नळ्यांची चौकट उभारली आणि १९५८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले.

प्रकाशाने रोग बरा होतो हे विधान त्या काळच्या वैद्यकास फारसे रुचले नाही. अमेरिकेत ही पद्धती रुजली ती जेरल्ड लूसी व सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या मुलांवरील तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध केल्यानंतर. क्रियेचे नेमके स्वरूप तर त्याहूनही उशिरा, १९८० च्या सुमारास अँटनी मॅक्‌डोना व डेव्हिड लाइटनर यांच्या संशोधनातून उलगडले. बिलिरुबिनाचे शोषण सु. ४६० नॅमी.ला सर्वाधिक असते. प्रकाश शोषल्यावर त्याच्या रेणूचा आकार बदलतो व त्यातील अंतर्गत हायड्रोजन बंध सुटतात. असा रेणू पाण्यात अधिक विरघळतो आणि यकृताच्या रासायनिक प्रक्रियेवाचून पित्तावाटे बाहेर पडतो. या उपचाराने रक्त बदलण्याची गरज फार कमी झाली. आता त्यासाठी प्रामुख्याने सु. ४६० ते ४९० नॅमी. तरंगलांबीचे निळे एलईडी दिवे वापरतात व उपचाराच्या वेळी मुलाचे डोळे झाकतात [⟶ कावीळ].

हा प्रकाशही मात्र औषधाप्रमाणे मात्रेनेच द्यावा लागतो. १,००० ग्रॅ. वा त्याहून कमी वजनाच्या मुलांवरील एका मोठ्या अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. लवकर सुरू करून जोमाने दिलेल्या प्रकाशोपचारामुळे मेंदूच्या विकासातील व्यंगांचे प्रमाण घटले. पण ५०१ ते ७५० ग्रॅ. वजनाच्या मुलांत मृत्यूचे प्रमाण किंचित अधिक आढळले. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निश्चित नव्हता, तरी ज्यांची त्वचा अत्यंत पातळ असते अशा बालकांच्या बाबतीत मात्रा काळजीपूर्वक ठरविण्याची आवश्यकता त्यामुळे पुढे आली.

डोळ्यावरील परिणाम : साध्या तीव्र प्रकाशानेही उंदरांचे जालपटल बिघडते, असे व्हेर्नर नोएल यांनी १९६६ मध्ये दाखविले होते. तोवर तीव्र प्रकाशाने होणारी इजा ही भाजण्याचाच प्रकार समजली जाई. विल्यम हॅम व सहकाऱ्यांनी माकडांच्या जालपटलावर वेगवेगळ्या तरंगलांबींचे लेसर किरण सोडून केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. दीर्घ काळ सोडलेल्या निळ्या किरणांनी इजा होण्यास लागणारी तीव्रता अवरक्त किरणांच्या मानाने कित्येक पटींनी कमी होती आणि तीत तापमान जवळजवळ वाढत नव्हते. ही इजा उष्णतेने नव्हे तर प्रकाशरासायनिक विक्रियेने होते, हे यावरून सिद्ध झाले. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांच्या दृष्टीस होणारी हानी मुख्यतः याच प्रकारची असते. जालपटलामागील रंजक कोशिकांत वयोमानाप्रमाणे लायपोफ्युसीन हे टाकाऊ द्रव्य साठते. त्यातील घटक नील प्रकाश शोषून क्रियाशील ऑक्सिजन निर्माण करतात, असे प्रयोगशाळेतील संवर्धित कोशिकांत आढळले आहे. निसर्गाने याविरुद्ध संरक्षणही योजले आहे. जालपटलाच्या मध्यभागी ल्युटीन व झिॲझँथीन ही पिवळी रंगद्रव्ये निळा प्रकाश गाळतात आणि वयाबरोबर पिवळसर होणारे नेत्रभिंगही तेच कार्य करते.

डोळ्याचे दुसरे एक कार्य याहूनही उशिरा समजले. प्रकाशसंवेदी शलाका व शंकू नष्ट झालेल्या उंदरांच्या बाहुल्या उजेडात आकुंचन पावतात, असे क्लाइड कीलर यांनी १९२० नंतरच्या दशकातच नोंदविले होते. पण ते दुर्लक्षित राहिले. १९८० मध्ये ॲल्फ्रेड ल्यूइ व सहकाऱ्यांनी रात्रीच्या वेळी तेजस्वी प्रकाश दिल्यास मानवात मेलॅटोनीन या हॉर्मोनाचे स्रवण थांबते, असे दाखविले. इग्नेशियो प्रोव्हेन्सियो यांना १९९८ मध्ये बेडकाच्या त्वचेतील रंजक कोशिकांत मेलॅनॉप्सीन हे नवे प्रकाशग्राही प्रथिन सापडले व लवकरच ते मानवी जालपटलातही आढळले. मेलॅटोनिनावर ४६० नॅमी.च्या आसपासचा प्रकाश सर्वांत प्रभावी असल्याचे २००१ मध्ये अमेरिका व इंग्‍लंड येथील दोन स्वतंत्र गटांनी दाखविले. पुढील वर्षी डेव्हिड बर्सन व सहकाऱ्यांनी जालपटलातील काही गुच्छिका कोशिका मेलॅनॉप्सिनामुळे स्वतःच प्रकाश ओळखतात, हे सिद्ध केले. दिवस-रात्रीची वर्दी शरीरास देणाऱ्या या कोशिका सु. ४८० नॅमी.च्या निळ्या प्रकाशास सर्वाधिक संवेदनशील असतात [⟶ डोळा].

संशोधनाचे साधन : प्रयोगशाळेत नील प्रकाश कधी अडचण, तर कधी साधन ठरला. कोशिका वाढविण्याच्या पोषक द्रावात रिबोफ्लाविन असते. असा द्राव नळीच्या दिव्यांच्या उजेडात राहिल्यास त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊन कोशिका मरतात, असे १९७० नंतरच्या दशकात आढळून आले. म्हणून तो अंधारात ठेवतात. येथे इजा कोशिकेने शोषलेल्या प्रकाशाने नव्हे, तर भोवतालच्या द्रावाने शोषलेल्या प्रकाशाने होते. याउलट क्लॅमिडोमोनस या शैवलातील चॅनलऱ्होडॉप्सीन हे निळ्या प्रकाशात उघडणारे आयनमार्गी प्रथिन गेओर्ग नागेल, पेटर हेगेमान व एर्न्स्ट बामबेर्क यांनी २००२–०३ मध्ये ओळखले. त्याचे जनुक तंत्रिका कोशिकांत घालून त्या निळ्या प्रकाशाच्या स्पंदांनी हव्या तेव्हा उत्तेजित करता येतात, हे एडवर्ड बॉइडन, कार्ल डाइसेरॉथ व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखविले. यातून ऑप्टोजेनेटिक्स ही शाखा उदयास आली. याच मार्गाने एका अंध व्यक्तीस अंशतः दृष्टी मिळाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु त्यात निळ्याऐवजी पिवळट नारिंगी प्रकाशास प्रतिसाद देणारे प्रथिन निवडले होते, कारण लागणाऱ्या तीव्रतेचा निळा प्रकाश जालपटलास धोक्याचा ठरला असता.

एलईडी दिवे व आधुनिक वाद : इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व शूजी नाकामूरा यांनी निळे एलईडी दिवे सिद्ध केले व त्याबद्दल त्यांना २०१४ मध्ये भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. पांढऱ्या एलईडी दिव्यांत बहुधा सु. ४५० नॅमी.चा निळा प्रकाशच पिवळ्या अनुस्फुरक द्रव्यावर पाडलेला असतो. असे दिवे व पडदे सर्वत्र पसरल्यानंतर नील प्रकाशाविषयी भीती निर्माण झाली. अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठात रोज बारा तास निळ्या प्रकाशात ठेवलेल्या फळमाशा अल्पायुषी ठरल्या व डोळे नसलेल्या माशांच्या मेंदूवरही परिणाम दिसला (२०१९). परंतु लहान व अर्धपारदर्शक माशीच्या शरीरात प्रकाश जसा खोलवर जातो तसा तो मानवाच्या शरीरात जात नाही. म्हणून हा निष्कर्ष मानवास सरळ लागू करता येत नाही. यूरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २०१८ मध्ये नेहमीच्या वापरातील एलईडी दिव्यांमुळे निरोगी व्यक्तींस थेट अपाय होत असल्याचा पुरावा आढळत नाही, असा अभिप्राय दिला. फ्रान्समधील शासकीय आरोग्य सुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये अतितीव्र निळसर दिवे व लहान मुले यांबाबत सावधगिरीचा सल्ला दिला. नील प्रकाश अडविणाऱ्या चष्म्यांविषयीच्या १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकावरील कामाने डोळ्यांस येणारा शीण अशा चष्म्यांमुळे अल्प काळात तरी कमी होत नाही, असे त्यात दिसून आले. पडद्यांपासून मिळणारा नील प्रकाश दिवसा उघड्या आकाशापासून मिळणाऱ्या प्रकाशाच्या मानाने फारच अल्प असतो. मात्र रात्रीच्या वेळी तेवढ्या अल्प प्रकाशानेही जैव घड्याळ व झोप यांवर परिणाम होऊ शकतो, कारण मेलॅनॉप्सिनयुक्त कोशिकांच्या दृष्टीने तो प्रकाश म्हणजे दिवस असल्याची खूण असते.

एकेकाळी निळी काच विकत घेऊन आरोग्य मिळवू पाहणारे लोक आणि आज निळा प्रकाश अडविणारी काच विकत घेणारे लोक या दोघांचाही प्रश्न नील प्रकाश हितकारक की अपायकारक असाच असतो. कोशिकांच्या पातळीवर या प्रश्नास एकच उत्तर नाही. कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश, किती तीव्रतेने व किती वेळ, दिवसाच्या कोणत्या प्रहरी आणि कोशिकेतील कोणत्या द्रव्याकडून शोषला जातो, एवढ्या गोष्टी ठरल्यानंतरच तो पोषण, संदेश, औषध वा विष यांपैकी काय ठरेल हे सांगता येते.